राहू दे, लागेल कधीतरी

कोथरूडमधल्या एका चार मजली सोसायटीत 2025च्या घटस्थापनेला जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली: 'पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या बेवारस सायकली येत्या रविवारी भंगारवाल्यास देण्यात येतील. मागाहून तक्रार चालणार नाही.' खाली सेक्रेटरींची सही. सहीच्याही खाली, कुणाला शंका राहू नये म्हणून, 'नाही म्हणजे नाही.'

अशा सायकली चौदा होत्या. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. एकीच्या पुढच्या बास्केटमध्ये मांजरीने दोन बाळंतपणं उरकली होती आणि एकीच्या हँडलला कुणाची तरी छत्री दोन पावसाळे वाळत होती. सकाळी सूचना लागली आणि संध्याकाळी सातपर्यंत चौदापैकी अकरा सायकलींना वारस मिळाले. सातबाऱ्यावरसुद्धा वारसनोंद इतक्या झटपट होत नाही. वीस इंची लाल सायकल आमच्या चिरंजीवांची आहे, असं पहिल्या मजल्यावरून कळवण्यात आलं. चिरंजीव सध्या टोरांटोत असून त्यांचं वय चौतीस आहे.

मंगळवारी मुद्दा निघाला की दसरा तोंडावर आलेला असताना वाहन भंगारात घालणं शोभतं का? खंडेनवमीला आपण पाना-पक्कडसुद्धा पूजतो. सेक्रेटरी कायद्याला भीत नाहीत, पण तिथीपुढे त्यांचं काही चालत नाही. मुदत दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत वाढली. एकूण तेरा दिवस मिळाले, म्हणजे एखाद्याला रीतसर निरोप द्यायला लागतात नेमके तेवढे.

जुनी सायकल दुरुस्त करावी की नवी घ्यावी, या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत असं बाहेरच्या जगाला वाटतं. मराठी घरात तिसरं उत्तर आहे आणि बहुमत त्याच्याच बाजूला आहे: 'राहू दे, लागेल कधीतरी.' या एका वाक्यावर माळे भरले, पलंगाखालच्या पेट्या भरल्या आणि पार्किंगही भरलं. त्यात नकार नाही, होकार नाही आणि खर्च तर मुळीच नाही.

खर्च नाही हे मात्र खरं नाही. सायकल चालून जेवढी झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त बिघडते. हवा गेलेल्या टायरवर तिचं सगळं वजन एकाच जागी पडतं, रबराला तिथे घडी पडते आणि मग बाजूंना भेगा जातात. हबमधलं ग्रीस सुकून चिकट पापडी होते. साखळीवरचं तेल धूळ धरतं, धूळ ओल धरते आणि एका पावसाळ्यात साखळीचा नागमोडी दागिना होऊन बसतो. तीच सायकल रोज दूध आणायला जात असती तर यातलं निम्मंसुद्धा झालं नसतं. म्हणजे 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेली वस्तू लागेल तेव्हा न चालण्याची तजवीज त्या जपण्यातच होते.

तिसऱ्या मजल्यावरचे काका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांची काळी, बावीस इंची ॲटलास 1978ची. ती त्यांनी खात्याकडून सायकल ॲडव्हान्स घेऊन विकत घेतली होती आणि पगारातून हप्ते कापून घेतले होते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सायकलीसाठी बिनव्याजी उचल मिळायची, हे आज सांगितलं तर तरुण मंडळींना हत्तीच्या खुराकासाठी भत्ता मिळायचा असं काहीतरी ऐकल्यासारखं वाटतं. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर 2016मध्ये ही उचल बंद झाली. तोवर ती कागदोपत्री जिवंत होती. सरकारही 'राहू दे, लागेल कधीतरी' याच पंथाचं.

काकांनी वही काढली. डावीकडे 'दुरुस्ती', उजवीकडे 'नवी', मध्ये फूटपट्टीने रेघ.

"अहो, त्यात तिसरा रकाना ठेवा," काकू म्हणाल्या. "हॉलमधल्याचा."

हॉलमध्ये मुलाने आणलेली व्यायामाची सायकल होती. तिची किंमत सतरा हजार, आजवरचा एकूण प्रवास शून्य किलोमीटर आणि हँडलवर तीन टॉवेल. काकांनी तो रकाना आखला नाही.

बुधवारी काका सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांकडे गेले. पुणं हे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. पालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलीवर नसला किंवा रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचे, आणि डबलसीटवाला कोपरा जवळ आला की टुणकन उतरून, आपण या गावचेच नाही अशा चेहऱ्याने चालू लागायचा. तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानं पेठापेठांत होती. 2017-18मध्ये मोबाइलवरून उघडणाऱ्या रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली शहरात अवतरल्या, फुटपाथवर आडव्या झाल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. मामांचं दुकान या सगळ्याच्या आधीचं आहे. दुकान म्हणजे एक झाड, एक लाकडी पेटी, पाण्याचं घमेलं आणि फांदीला टांगलेले टायर.

मामांनी सायकल सीटला धरून उचलली, मागचं चाक फिरवलं आणि गप्प राहिले. वैद्याने नाडी धरावी आणि काही बोलू नये, तसं ते गप्प राहणं असतं. मग त्यांनी पायडलचा दांडा आडवा हलवून पाहिला. टक, टक.

"कॉटर पिन गेल्या."

पुढचं चाक फिरवलं. "आउट आहे."

साखळी बोटाने उचलली. "हिचं काय विचारू नका."

"पण चालेल ना?" काकांनी विचारलं.

"चालेल," मामा म्हणाले. सायकलवाल्याच्या तोंडचा हा शब्द कोणत्याही शब्दकोशात नीट दिलेला नाही. आवाज चढवून म्हटलं तर त्याचा अर्थ 'पैसे घाला, चालेल'. आवाज उतरवून म्हटलं तर 'उताराला चालेल'. आणि दुसरीकडे बघत म्हटलं तर 'तुमच्यापुरती चालेल'.

यादी झाली. दोन टायर, दोन ट्यूब, साखळी, फ्रीव्हील, कॉटर पिनची जोडी, ब्रेकचे रबर, मोडलेल्या नऊ तारा, छर्रे, ग्रीस आणि मजुरी. मागच्या चाकाला चाळीस तारा आणि पुढच्याला बत्तीस, हे या काळ्या सायकलींचं जुनं इंग्रजी गणित आहे. वजन मागे जास्त पडतं म्हणून तिथे तारा जास्त. नऊ मोडूनही चाक उभं राहतं ते याच उदारपणामुळे. बेरीज झाली तीन हजार दीडशे. तसलीच नवी काळी सायकल साडेसहा हजारांना. काकांनी वहीत लिहिलं: अठ्ठेचाळीस टक्के.

इथवर हिशेब सरळ होता. पण अंदाजपत्रक ही एक सुरुवात असते, हे ज्याने घराला रंग काढलाय त्याला सांगायला नको. टायर काढला की रिम दिसते, रिम दिसली की गंज दिसतो. फ्रीव्हील नवं घातलं की जुनी पुढची चक्री त्याच्याशी जमवून घेत नाही. साखळीचं तर सोपं मोजमाप आहे. तिची कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणून चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. शाळेची फूटपट्टी त्यासाठी पुरते. बारा इंचांवर एक सोळांश वाढली असेल तर साखळी बदलून भागतं. एक अष्टमांश वाढली असेल तर दातेही खाल्ले गेले असं समजायचं. काकांची साखळी फूटपट्टीच्या टोकापुढे इतकी गेली होती की मामांनी पट्टी परत केली आणि वहीत आणखी दोन ओळी वाढल्या.

यात मामांच्या लेखी खरा प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी सर्वांत शेवटी पाहिला. फडकं रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी हँडलखालचा सांधा पुसला, मग सीटखालचा, मग पायडलच्या नळीजवळचा. फ्रेमला चीर आहे का, नळी आतून सडली आहे का, पुढचा चिमटा वाकला आहे का? बाकी सगळं म्हणजे कपडे, हा सांगाडा. जुन्या पोलादी फ्रेमच्या नळ्या सांध्याच्या तोट्यांत बसवून पितळ वितळवून जोडलेल्या असतात, त्यामुळे सांधा सुटला तर गॅसवर पुन्हा जोडता येतो. नळीच सडली असेल तर मात्र मामा हात जोडतात. ज्याने आयुष्यभर दुरुस्तीवर पोट भरलं तोच 'नवी घ्या' म्हणतो तेव्हा त्याचं ऐकावं. तो आपल्याच धंद्याविरुद्ध साक्ष देत असतो.

काकांची फ्रेम ठणठणीत निघाली. त्यामुळे पंचाईत वाढली. मोडली असती तर बरं, असं काका मोठ्याने म्हणाले नाहीत.

या फ्रेमवर कपाळाशी एक पत्र्याची पट्टी होती: खांद्यावर पृथ्वीचा गोल घेतलेला माणूस. आपल्याकडच्या सायकलींची नावं हा वेगळाच विषय आहे. ॲटलास, हर्क्युलस, हीरो! बीएसए तर बर्मिंगहॅमच्या बंदुका करणाऱ्या कंपनीची. तिच्या चिन्हात तीन रायफली एकमेकींना टेकवून ठेवलेल्या. एवढा सगळा पराक्रम खाली, आणि वर पंचावन्न किलोचा कारकून, कॅरियरला लावलेल्या डब्यासह. ग्रीक पुराणात हर्क्युलस थोडा वेळ ॲटलासचं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेतो. लुधियानाच्या हीरोने 1986मध्ये गिनेस बुकात जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून नाव लावलं, हर्क्युलस चेन्नईकडून अजून येते, आणि 1951मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या ॲटलासने मात्र ओझं खाली ठेवलं. तिचा शेवटचा, साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020ला थांबला. 3 जून हा संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवलेला जागतिक सायकल दिन. एखाद्या विनोदी लेखकाने ही तारीख रचली असती तर संपादकाने 'फार होतंय' म्हणून खोडली असती.

कारखाना बंद पडला म्हणून सुटे भाग मिळेनासे झाले, असं मात्र झालं नाही. भारतातली काळी सायकल सगळ्या कंपन्यांची जवळपास सारखीच असते. अठ्ठावीस बाय दीडचा टायर परदेशात शोधून आणावा लागतो. इथे तो तालुक्याच्या बाजारात खताच्या दुकानाशेजारी लोंबकळत असतो.

अपवाद रॅलेचा. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे आजोबांची इंग्लंडमध्ये तयार झालेली रॅले होती आणि तेही फडकं हातात घेऊन मामांकडे हजर झाले होते. मामांनी ती पाहिली आणि आधी हात पुसले. नॉटिंगहॅमच्या या कारखान्याची रीतच निराळी. बाकीच्या इंग्रजी सायकलींच्या मधल्या नळीला इंचाला चोवीस आटे, रॅलेला सव्वीस. इतरांचे भाग तिला चालू नयेत, अशीच ती व्यवस्था. बाजारातली वाटी दीड वेढा छान बसते आणि मग अडते, एखाद्या स्थळासारखी. जोर केला की दोन्हींचे आटे जातात.

"जिथून आली तिथून मागवा," मामा म्हणाले.

जिथून आली तिथलं उत्पादन 2002मध्येच बंद झालं. कारखान्याच्या जागेवर आता नॉटिंगहॅम विद्यापीठाचा परिसर आहे. गृहस्थांनी ही माहिती मोबाइलवर वाचून दाखवली तेव्हा मामा म्हणाले, "मग ॲडमिशन घ्या." शेवटी जुने छर्रे काढून, मोजून, नवे घालून त्याच जुन्या वाटीवर काम भागवण्यात आलं. रॅलेला आता थोडा खडखड आवाज येतो आणि गृहस्थ तो इंग्रजी आवाज आहे असं सांगतात. जुन्या सायकलींचं असं प्रेम पोसणाऱ्यांसाठी कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथे गेलेला माणूस घरची सायकल भंगारात देण्याच्या लायकीचा उरत नाही, म्हणून अनेक गृहिणी रविवारी त्या बाजूला जाणं टाळतात.

दुरुस्ती की नवी, हा प्रश्न श्रीमंत देशांनी सरकारी पातळीवर सोडवायचा प्रयत्न केला आहे. स्वीडनने 2017मध्ये सायकल, चपला-बूट आणि कपड्यांच्या किरकोळ दुरुस्तीवरचा कर पंचवीस टक्क्यांवरून बारावर आणला. फ्रान्सने 2020च्या मे महिन्यात, पहिली टाळेबंदी उठताना, सायकल दुरुस्तीसाठी पन्नास युरोंची मदत सुरू केली. त्याच जुलैमध्ये इंग्लंडने पन्नास पौंडांची कुपनं काढली, तर पहिल्याच फटक्यात इतकी झुंबड उडाली की कुपनं देणारी वेबसाइटच पंक्चर झाली. आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025ला सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला. पण तोच दर सुट्या भागांनाही लागू झाला. म्हणजे सरकारने सूचना लागली त्याच दिवशी या वादात उडी घेतली आणि कुणाचीच बाजू घेतली नाही. काकांना वहीतले दोन्ही रकाने पुन्हा मांडावे लागले. टक्का जिथल्या तिथे राहिला.

घरातही मतभेद होते. मुलाचं म्हणणं, "बाबा, एकवीस गिअरची घ्या, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक." स्वस्तातल्या शॉकअपने सायकल दोन-अडीच किलोंनी जड होते आणि पायडल मारताना निम्मा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो, हे मामांचं म्हणणं. गिअर हवेत का? पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे चढायचं असेल तर हवेत. वाणसामानाला जायचं असेल तर एकवीसपैकी वीस गिअर कायम रजेवर असतात. सुनेने हलक्या आवाजात विचारलं, "पण बाबा नक्की कुठे जाणार आहेत?" या प्रश्नासाठी वहीत रकानाच नव्हता.

मग भंगाराचा भाव काढण्यात आला. वीस किलो, किलोला अठ्ठावीस रुपये, म्हणजे पाचशे साठ. ज्या सायकलवरून मुलाला बालवाडीत सोडलं, दांडीवर छोटी सीट बसवून, आणि तो दर चौकात घंटी वाजवायचा, तिचे पाचशे साठ. काकांनी आकडा लिहिला आणि खोडला. पोस्टातल्या माणसाने वहीत खाडाखोड करणं ही साधी गोष्ट नव्हे.

शेवटी मामांकडे काम सुरू झालं. आधी टायर गेले, मग साखळी, चक्र्या, पायडल, सीट. रिमला गंज होताच, त्याही गेल्या. मडगार्ड नव्या रिमला शोभेनात. आठ दिवसांनी सायकल उभी राहिली तेव्हा बिल चार हजार आठशे झालं होतं आणि मूळचं काय राहिलं, तर फ्रेम, चिमटा, हँडल आणि घंटी. मग ही जुनी सायकल म्हणायची की नवी? पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती ठराविक अधिक आषाढात बदलतात. 1996मध्ये बदलल्या, मग 2015मध्ये. कडुनिंबाचं लाकूड नवं असतं, पण आतला ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात, डोळ्यांवर पट्टी बांधून, जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत ठेवतात. भाविकाला देव बदलला असं वाटत नाही. मामांनी घंटीची टोपी काढली, आतला गंज खरवडला, तेलाचा एक थेंब सोडला आणि डोळे मिटून कान लावला. ट्रिंग झालं. काकांचा चेहरा बघून मामांनी मजुरीतले पन्नास रुपये कमी केले.

जाता जाता मामांनी एक खुलासा केला. मागच्या चाकात नऊ वर्षं हवा नव्हती, त्याचं कारण पंक्चर नव्हतंच. वॉल्व्हमधली रबरी नळी कुजली होती. "दोन रुपयांची. तेव्हाच आला असता तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. वहीत हे कुठल्या रकान्यात घालावं हे काकांना कळेना.

दसऱ्याच्या सकाळी काकांनी सायकलला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि गल्लीत एक फेरी मारली. तेवढ्यात मुलगा खाली उतरला तो एकवीस गिअरची नवीकोरी सायकल घेऊन. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, शिवाय जीएसटी कमी झालेला, दुकानात सूट. "बाबा, तुमच्यासाठी सरप्राइज. आता ती जुनी..." पुढचं तो हार बघून बोलला नाही. काकूंनी घरातून दुसरा हार आणला. तो हॉलमधल्या व्यायामाच्या सायकलसाठी करून ठेवला होता.

रविवारी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. पहिल्या मजल्याने लाल वीस इंची द्यायला नकार दिला, कारण टोरांटोहून फोन आला होता. मांजरीवाल्या सायकलीत पुन्हा पिल्लं होती. ज्या तीन सायकलींना शेवटपर्यंत वारस मिळाला नाही त्यांतली एक वॉचमनने 'गावी नेतो' म्हणून मागून घेतली आणि सध्या जिन्याखाली लावली आहे; उरलेल्या दोघींबद्दल भाडेकरूंनी 'मालकांना विचारून सांगतो' असं कळवलं. भंगारवाल्याने निघताना वर्तमानपत्रांची रद्दी आणि एक मोडका पंखा नेला.

पार्किंगमध्ये आता पंधरा सायकली आहेत. काकांच्या दोन शेजारी शेजारी उभ्या असतात; काळीवर काकूंच्या जुन्या साडीचं पांघरूण आहे आणि गिअरवालीच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. सेक्रेटरींनी नव्या सूचनेचा मसुदा केला आहे. 'बेवारस' हा शब्द त्यांनी खोडला असून त्याजागी काय घालावं, यावर तो गेले तीन आठवडे अडला आहे.